काजळसमुद्राचा नववा भाग

सोळंक्यांचा ग्रंथ मी भंगारात पाठवला. चुकून पाठवला, असं म्हणायचीही सोय नाही. कारण त्यावर लाल चिठ्ठी लावून, चिठ्ठीवर सही करून आणि वर फोटो काढून मी तो पाठवला होता.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढे मी आणखी काय काय केलं ते वाचताना तुम्हाला धक्का बसणार नाही.

व्यंकट सोळंके हा चाकणच्या आमच्या कंपनीतला सगळ्यात अस्वस्थ माणूस. कंपनी गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग बनवते आणि सोळंके ते शेवटचे तपासून पास-नापास करतात. मूळचे परभणीकडचे, वय पन्नाशीच्या अलीकडे, अंगानं काटक, केस काळे आणि मिशी पांढरी. विचारलं तर म्हणतात, "मिशीला काम जास्त पडतं, साहेब. बोलण्याच्या वाटंवर हाय ती."

हा माणूस बसत नाही. पुनावळ्याहून निघालेल्या कंपनीच्या बसमध्ये मी निगडीला चढतो तेव्हा निम्म्या सीट रिकाम्या असतात आणि सोळंके दांडा धरून उभे असतात. कॅन्टीनमध्ये ताट हातात घेऊन फेऱ्या मारत जेवतात. मी कंपनीत नवा होतो तेव्हा मला वाटलं, मूळव्याध असणार. तसं मी त्यांना हळूच विचारलंही आणि चिंचवडातल्या एका वैद्यांचा पत्ता लिहून दिला. त्यांनी कागदाची नीट घडी केली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "सत्यसखा बसत न्हाई, साहेब. तो बसला की नाव थांबती."

हा सत्यसखा रात्रपाळीतला कोणी असेल असं समजून मी दोन दिवस हजेरीपटात त्याचं नाव शोधत होतो.

'काजळसमुद्र' नावाची एक जुनी अद्भुत कादंबरी आहे, नऊ भागांची. त्यात काळ्या पाण्याचा समुद्र आहे, नऊ बेटं आहेत, काचेच्या मनोऱ्यात राहणारा विक्राळमुख नावाचा जादूगार आहे, एका पायावर उभा राहून भविष्य सांगणारा बगळा आहे. आणि सत्यसखा नावाचा नावाडी आहे, ज्याला शाप असा की तो खोटं बोलला रे बोलला की नावेला एक भोक पडतं. नावेत त्याच्यासोबत एक राजपुत्र, चौथ्या भागात त्यानं न बोलण्याची शपथ घेतली ती आठव्या भागापर्यंत मोडलेली नाही. सोळंक्यांच्या गावच्या शाळेत ही पुस्तकं होती. लेखकाचं नाव असलेलं पान तेवढं वाळवीनं खाल्लेलं. त्यामुळे सोळंके हा ग्रंथ अपौरुषेय मानतात.

चेष्टा नाही, खरंच मानतात. श्रावणात लोक घरोघरी पोथी लावतात, सोळंके काजळसमुद्र लावतात. सोवळं-ओवळं नाही, फक्त हात साबणानं दोनदा धुवायचे. "ग्रंथाला ऑइलचा डाग पडतो," म्हणतात.

मी एकदा त्यांना म्हटलं, "अहो, पोरांच्या गोष्टी त्या! बगळा कधी बोलतो का?"

त्यांनी खिशातून गेज काढलं. गेज म्हणजे मापाची खुंटी. भोकात गेली तर माल पास, अडकली तर नापास. म्हणाले, "हे गेज गाडीला लागतं का, साहेब? ब्रेक दाबताना कामाला येतं का? न्हाई. पर हे नसलं तर ब्रेक लागंल का? तसं हाय. गोष्ट खोटी, गेज खरं."

"गोष्ट खोटी, गेज खरं" हे त्यांचं पालुपद. दिवसातून चारदा. माणसाचं काही चुकलं की ते मनातल्या मनात त्याच्यात काजळसमुद्रातली एखादी खुंटी घालून बघतात. आमच्या एका मॅनेजरला त्यांनी दुसऱ्या भागातल्या कोळ्याच्या मापानं नापास केलं होतं. वर्षाच्या आत तो मॅनेजर नोकरी सोडून गेला. तो कॅनडाला मुलाकडे गेला हे खरं, पण सोळंके म्हणाले, "गेलाच न्हवं?"

आमच्याकडे मालात दोष सापडला की 'का?' हा प्रश्न पाच वेळा विचारायचा नियम आहे. पहिल्या 'का'चं उत्तर नेहमी वरवरचं असतं, पाचव्या 'का'ला मूळ दुखणं हाती लागतं. सोळंके त्याला 'कामून-कामून' म्हणतात आणि ते ग्रंथालाही लावतात. एकदा कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर फेऱ्या मारत त्यांनी विक्राळमुखाचं केलं.

"विक्राळमुख हारला. कामून? तर मनोरा पडला. मनोरा कामून पडला? तर तळाची वीट ढिली व्हती. ढिली कामून? तर गवंड्यानं रागानं बसिवली. राग कामून? तर ह्यानं त्याला शिव्या घातल्या. शिव्या कामून घातल्या?" इथे ते थांबले. "एकटा जेवायचा, साहेब. पुस्तकात एकच ओळ हाय तशी. लोक वाचतेत आन् फुडं जातेत."

त्यामुळे कॅन्टीनमध्ये कोणी एकटा बसलेला दिसला की सोळंके ताट घेऊन त्याच्याभोवती घिरट्या घालतात. नवीन आलेल्या पोरांना वाटतं, हा माणूस आपल्या डब्यातली भाजी मागतोय.

मी त्यांची नक्कल फार छान करायचो. साहेब लोकांच्या टेबलावर माझा तो हातखंडा प्रयोग होता. एकदा गंमत म्हणून मीच त्यांना सकाळच्या सभेत सुविचार सांगायला उभं केलं. सुविचार एका ओळीचा असतो. सोळंक्यांनी बगळ्याचा आख्खा प्रसंग सांगितला, अंगविक्षेपांसह. बावीस मिनिटं मशिनं बंद राहिली. खुलासा मला द्यावा लागला, आणि त्यात 'बगळा' हा शब्द तीनदा आला.

आता लाल चिठ्ठी.

मागच्या वर्षी मोठ्या ग्राहकाचं ऑडिट येणार होतं. अशा वेळी कंपनीत फाइव्ह-एस नावाची मोहीम निघते. फाइव्ह-एस म्हणजे दिवाळीची आवराआवरच, फक्त तक्ते लावून केलेली. वर्षभर न वापरलेल्या वस्तूला लाल चिठ्ठी लावायची. तीन दिवसांत कोणी हक्क सांगितला नाही तर भंगार. मोहिमेचा प्रमुख मी. सोळंक्यांच्या कपाटात अगदी तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, सुतळीनं करकचून बांधलेलं एक पुडकं सापडलं. वर धूळ. मी उघडून पाहिलं नाही. उघडून पाहणं हे फाइव्ह-एसमध्ये कुठे लिहिलेलं नाही. सोळंके त्या आठवड्यात साडूच्या घरच्या लग्नाला गेले होते. चौथ्या दिवशी पुडकं गाडीत चढलं आणि मी सूचनाफलकावर दोन फोटो लावले. 'आधी', म्हणजे पुडक्यासह कपाट. 'नंतर', म्हणजे रिकामं कपाट. खाली माझं नाव.

सोळंके परत आले ते थेट त्या फलकापाशीच थांबले. 'आधी'कडे बघितलं. 'नंतर'कडे बघितलं. मग माझ्या टेबलाशी आले.

"साहेब, ते पुडकं कुठंय?"

"गेलं भंगारात. काय होतं त्यात?"

आणि सोळंके बसले.

खुर्ची समोर होती, तिच्यावर नाही. भिंतीला टेकून खाली फरशीवर बसले. सगळं डिपार्टमेंट माझ्याकडे बघायला लागलं. त्या माणसाला बसलेलं कोणी पाहिलंच नव्हतं.

"नववा भाग व्हता," ते म्हणाले.

शाळेत आठच भाग होते. नववा कधी कोणी पाहिलाच नव्हता. छापखाना बंद पडून जमाना झाला होता. सोळंके तीसेक वर्षं रद्दीवाल्यांना विचारत होते, आणि दीड वर्षापूर्वी आकुर्डीत एका जुन्या पुस्तकांच्या गाडीवर त्यांना तो मिळाला होता. आणि तो त्यांनी वाचला नव्हता. घरी असता तर राहवलं नसतं, म्हणून सुतळी बांधून कंपनीच्या कपाटात ठेवला होता.

"वाचला का नाहीत मग?" मी विचारलं.

"येळ यायची व्हती," एवढंच म्हणाले.

मी त्याच दिवशी अर्धी रजा टाकून त्यांना स्कूटरवर मागे घेऊन चिखलीकडच्या भंगाराच्या गोदामात गेलो. तिथून कळलं, कागद तळवड्याच्या दुसऱ्या गोदामात जातो. तिथे पुठ्ठ्यांचा दोन मजली डोंगर होता. आम्ही दोघं चढलो. माझा पाय एकदा मांडीपर्यंत आत गेला आणि बाहेर आला तेव्हा त्यात बूट नव्हता. शेवटी मालकच म्हणाला, "साहेब, कालची गाडी कारखान्याला गेली. आत्तापर्यंत लगदा झाला आसंल. चहा घेता का?"

परत येताना सोळंके मागे माझा खांदा धरून होते. मी एका पायात बूट घालून स्कूटर चालवत होतो. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर माझंच बसणं गेलं. जेवताना उठायचो, टीव्हीसमोरून उठायचो. बायको म्हणाली, "जाऊन माफी मागा एकदाची, नाहीतर पायाला काही लावा." म्हणून रविवारी संध्याकाळी मी पुनावळ्याला सोळंक्यांच्या घरी गेलो.

सोळंके वहिनींनी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. आत सोळंके आठवा भाग हातात घेऊन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझारा घालत मोठ्यानं वाचत होते. खोलीत ऐकायला कोणीच नव्हतं. टीपॉयवर मोबाइल होता, स्पीकर चालू. मी कोपऱ्यात टेकलो. प्रकरण संपलं, सोळंके म्हणाले, "इति," आणि पलीकडून काहीही न बोलता फोन कट झाला.

"कोण होतं?" मी विचारलं.

"हरी," सोळंके म्हणाले. "धाकटा भाऊ माझा. गावाकडं पिठाची गिरणी हाय त्याची."

"काही बोलला नाही?"

"अकरा वर्षं झाली, भावजी," वहिनी म्हणाल्या. "बोलतच न्हाईत."

मग ते सगळं कळलं. शाळेतले ते आठ भाग दोघा भावांनी मिळून वाचलेले, एकाच कंदिलाशी, एकानं पान धरायचं आणि दुसऱ्यानं उलटायचं. पुढे हरीसाठी एक स्थळ आलं. हरीला मुलगी फार आवडली होती. बैठकीत मुलीच्या बापानं सरळ विचारलं, "पोराला आजार-बिजार काही?" हरीला लहानपणी फिट यायच्या. वीस वर्षांत एकदाही आल्या नव्हत्या. सगळे गप्प बसले. सोळंके उभे राहिले आणि बोलले.

"लगीन मोडलं," सोळंके म्हणाले. "खोटं बोललो आसतो तर नावंला भोक पडलं आसतं, आसं वाटलं मला. हरी उठला आन् निघून गेला. त्या दिसापासून गप. नंतर त्याचं दुसरीकडं झालं, लेकरं झाली. मला पत्रिका न्हाई का निरोप न्हाई. मी दर रविवारी फोन करायचो, तो उचलायचा आन् ठिवून द्यायचा. एका रविवारी मला काही सुचंना. हातात पहिला भाग व्हता. हॅलो न म्हणता वाचायलाच लागलो."

"आणि?"

"न्हाई ठिवला."

"गिरणीचा आवाज येतो आधी," वहिनी म्हणाल्या. "फटफट फटफट. ह्यांनी वाचायला घेतलं की पट्टा हळू होतो आन् बंद पडतो. रविवारचं गिऱ्हाईक असतं हो गिरणीवर. तरी बंद करतात."

सोळंके पुन्हा चालायला लागले होते. "नववा घावला तवा मी वाचता वाचता मधीच सांगितलं, हरी, नववा मिळाला. त्या दिशी फोन कट व्हायला एक मिनिट उशीर झाला, साहेब. ठरिवलं, एकट्यानं वाचायचा न्हाई. आठवा संपला की संगं उघडायचा." भिंतीशी वळताना ते थबकले. "खरं सांगू? भ्या पण वाटत व्हतं. सत्यसखा शेवटाला पोचतो का बुडतो, ते त्याच्यात व्हतं. गेज तर बरुबर व्हतं माझं. मग माल नापास कामून झाला? पाच काय, पन्नास बारी कामून इचारलं. उत्तर नवव्यात आसंल, आसं वाटलं व्हतं."

पुढच्या रविवारी आठवा भाग संपत होता. त्याच्या पुढच्या रविवारी वाचायला काहीच नव्हतं. आणि न वाचता केलेला फोन हरी ठेवून देत असे.

मी घरी आलो आणि नववा भाग लिहायला बसलो.

माझ्या नावावर तोवर ऑडिटचे अहवाल आणि सोसायटीच्या पाण्याबद्दलची पत्रं एवढंच साहित्य होतं. पण कॅन्टीनमध्ये मी आठ भाग इतक्यांदा ऐकले होते, नकला इतक्या केल्या होत्या, की आपल्याला जमेल अशी माझी खात्री होती. दोन रजा टाकून शेवटच्या प्रकरणाची चौदा पानं लिहिली. जुन्या वळणाच्या टाइपात छापली, चहात बुडवली, गच्चीत वाळवली, कडा मेणबत्तीनं जरा जाळल्या. बायको म्हणाली, "दरोडा घालायचाय का कुठे?" मग सोळंक्यांना सांगितलं की एका जुन्या वाचनालयात नवव्या भागाची शेवटची सुटी पानं सापडली. ज्या ग्रंथात खोटं बोललं की नाव फुटते, त्या ग्रंथाबद्दल मी खोटं बोललो, आणि तेही एका नावाड्याशी.

सोळंक्यांनी पानं हातात घेतली. उजेडात धरली. वास घेतला. माझ्याकडे पाहिलं. "तुमी वाचलंत?"

"छे! तुमचा मान पहिला."

"या रविवारी," ते म्हणाले.

मी गेलो. वहिनींनी चहा ठेवला. सोळंक्यांनी फोन लावला, पलीकडून उचलला गेला आणि गिरणीची फटफट खोलीत आली. त्यांनी पहिली ओळ वाचली. फटफट मंदावली आणि थांबली. मला अकरा वर्षांत जे कोणी ऐकलं नव्हतं ते ऐकू यायला लागलं, पलीकडच्या माणसाचा श्वास. कदाचित तो माझाच असेल.

सुरुवातीची सात-आठ पानं मी बरी लिहिली होती, असं माझं मत आहे. मग तो प्रसंग आला. काळ्या समुद्राच्या शेवटी सत्यसखा राजपुत्राच्या पायाशी गुडघे टेकतो. सोळंके वाचत होते:

"'हे राजपुत्रा! माझ्या सत्याच्या खड्गाने तुझे कोमल काळीज विदीर्ण झाले! मी अपराधी आहे! मला क्षमा कर, क्षमा कर!' असे म्हणून सत्यसखा हमसून हमसून रडू लागला, व त्याच्या अश्रुधारांनी तो काळाकुट्ट सागर दुधासारखा पांढराशुभ्र—"

"दादा, थांब."

सोळंके थांबले. वहिनींच्या हातातली गाळणी तशीच कपावर राहिली.

"हे त्या ग्रंथातलं न्हाई," फोन म्हणाला. आवाज घोगरा होता. "सत्यसखा आसा रडत न्हाई. आठ भागांत एकदा तरी रडलाय का तो? कोण्या गाढवानं लिवलंय हे?"

सोळंक्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना खोटं बोलता येत नाही, हे मला ठाऊक होतं. "आमच्या साहेबानी," ते म्हणाले. "चहात बुडवून आणलंय. मला कळलं व्हतं, हरी. पर तुला ऐकवायला कायतरी पाहिजेच व्हतं. खरा नववा न्हाई राह्यला."

सोळंक्यांचा हात टीपॉयकडे गेला आणि तिथेच थांबला. मी फोन कट व्हायची वाट बघत होतो.

"मग काय करंल रे तो?" सोळंके हळूच म्हणाले. "सत्यसखा. शेवटाला. तुझ्या मतानं?"

"सत्यसखा काही करणार न्हाई," हरी म्हणाला. "त्यानं जे करायचं ते केलंय. आता राजपुत्रानं करायचंय. त्याला बी ठाऊक आसतंय की ह्यो खरं बोलला. पर खरं बोलताना ह्यानं एकदा तरी वळून त्याच्या तोंडाकडं बघायला पाहिजे व्हतं. तेवढाच राग हाय त्याचा."

"बघितलं न्हाई मी," सोळंके म्हणाले. "पोरीच्या बापाकडंच बघत व्हतो."

"ठाऊक हाय मला. मी तुझ्याकडंच बघत व्हतो."

सोळंके खाली बसले. या वेळी सोफ्यावर, फोनच्या अगदी जवळ. वहिनी पदरानं डोळे पुसत होत्या. माझ्या मनात आलं, आपण लिहिलेला प्रसंग इतकाही वाईट नव्हता, बघा कसा उपयोगी पडला. आणि हे कुठेतरी नोंदलं जावं म्हणून मी जरा खाकरलो.

"दादा," फोन म्हणाला, "ते साहेब आजून तिथंच हायेत का?"

"हायेत की."

"मंग त्यांला घरी जायला सांग. भाऊ-भाऊ बोलायलेत, मधी कशाला बसलेत ते?"